निसरड्या दगडांची शिरगणती

२०२१ च्या मार्चमध्ये मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक अनोळखी शब्द आला: डायटम चाचणी. ठाण्याच्या खाडीत एक मृतदेह सापडला होता आणि पाण्यात पडला तेव्हा तो माणूस जिवंत होता की नाही, या प्रश्नाभोवती तपास फिरत होता. चाचणीमागचा तर्क सोपा आहे. बुडणारा माणूस धडपडत श्वास घेतो. पाणी फुप्फुसांत जातं, त्यातले डायटम रक्तात उतरतात आणि हृदय चालू असेपर्यंत रक्ताबरोबर फिरत मांडीच्या हाडातल्या मज्जेपर्यंत पोचतात. हृदय आधीच थांबलेलं असेल तर हा प्रवास होत नाही. डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं; आम्लात उकळलं तरी टिकतं. म्हणून मज्जा आम्लात विरघळवायची आणि खाली काय उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. न्यायवैद्यकातली मंडळी या चाचणीवर आजही भांडतात आणि भांडायला जागाही आहे. डायटम नळाच्या पाण्यातून येऊ शकतात, प्रयोगशाळेतल्या भांड्यांवरूनही येऊ शकतात.

त्या बातम्यांत मला जास्त महत्त्वाचा वाटला तो चाचणीचा दुसरा भाग. शरीरात सापडलेले डायटम घटनास्थळाच्या पाण्यातल्या डायटमांशी जुळतात का, हेही पाहतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची आपली वेगळी डायटम-वस्ती असते, हे तपासयंत्रणाही धरून चालते. मग मेलेल्या माणसाबद्दल ज्यांची साक्ष काढली जाते, त्यांना वाहत्या नदीबद्दल विचारायला आपण इतके आढेवेढे का घेतो?

डायटम हे एकपेशीय शैवाल. समुद्रात ते पाण्यावर तरंगतात, खाडीत, तळ्यात तरंगतात. नदीत मात्र तरंगून भागत नाही, वाहून जावं लागतं. नदीत टिकायचं तर काहीतरी धरून बसायला हवं. म्हणून नदीच्या शैवालांचा खरा संसार तळाला असतो: दगडावर, वाळूच्या कणांवर, गाळावर, पाणवनस्पतींच्या देठांवर. आपण ज्याला सरसकट ‘शेवाळ धरलंय’ म्हणतो आणि ज्यावरून घाटावर पाय घसरतो, त्या बुळबुळीत थरात एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत डझनावारी जाती एकत्र राहत असतात. डायटम त्यांतले संख्येने सहसा सर्वांत जास्त. पण हिरवी तंतुमय शैवालं, निळी-हिरवी शैवालं आणि क्वचित लाल शैवालंही असतात. या वस्तीची शिरगणती आपल्याकडे कुणी केली, केव्हा केली आणि पुढे तिचं काय झालं, हे शोधत गेलं की वाट कोल्हापूरला पोचते.

*

गगनबावड्याच्या रस्त्याला साळवण मागे पडलं की दोन्ही अंगांनी ओढे कुंभीकडे उतरू लागतात. जानेवारीतली सकाळ होती, धुकं नुकतंच उठलं होतं. शैवालांवर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी गुडघाभर पाण्यात उतरून दगड निवडत होती. कुठलाही दगड चालत नाही. काठाचा नको, कारण तो मधूनमधून उघडा पडतो. डोहातला नको, तिथे गाळ बसतो. खळाळातला, तळहाताएवढा, कित्येक आठवडे पाण्याखालीच असलेला दगड हवा. असे पाच-सहा दगड तिने एका पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवले, पिशवीतून कोरा टूथब्रश काढला, दगडाचा फक्त वरचा, उजेडाकडचा पृष्ठभाग घासला आणि पिचकारीच्या बाटलीतल्या पाण्याने धुऊन घेतला. ट्रेमधलं पाणी सोनेरी-तपकिरी झालं. काठावर म्हशी घेऊन आलेला एक पोरगा बराच वेळ हे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

“दगडाचं दात घासताय व्हय, ताई?”

ताई हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. प्रत्येक ठिकाणी नवा ब्रश घ्यावा लागतो, कारण केसांत अडकलेले डायटम पुढच्या नदीच्या हिशेबात घुसतात. ट्रेमधलं पाणी बाटलीत भरायचं, आयोडीनचं द्रावण टाकायचं, बाटलीवर जागा आणि तारीख लिहायची. नदीच्या जीवशास्त्रातलं हे सर्वांत स्वस्त साहित्य असावं. महागडा भाग पुढे येतो: सूक्ष्मदर्शक आणि त्याहून महाग म्हणजे तिथे तासन् तास बसणारी नजर.

तो तपकिरी रंग महत्त्वाचा. डायटमांत हरितद्रव्य असतंच, पण त्यावर फ्यूकोझँथिन नावाच्या रंगद्रव्याचा थर चढतो आणि हिरवं दिसायचं ते सोनेरी दिसतं. म्हणून स्वच्छ, वाहत्या ओढ्यातला दगड हिरवागार नसतो. तो तांबूस, तेलकट दिसतो आणि बोट फिरवलं की निसरडा लागूनही किंचित खरखरतो. ती खरखर सिलिकाची.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत तिने आयोडीन न घातलेल्या वेगळ्या बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पहिल्यांदा दिसला तो नुसता कचरा. मग कचऱ्यातली एक काडी सरकली. थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. ती नॅविक्युला. पाय नाहीत, वल्ही नाहीत. कवचाला लांबीभर एक चीर असते, तिच्यातून चिकट द्रव सोडत, पृष्ठभागाला धरत डायटम सरकतो. शेजारी एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळते होत गेलेले गोम्फोनेमा होते. निमुळत्या टोकातून पाझरलेल्या चिकट देठावर उभे राहणारे, देठाला फाटे फुटत जातील तशी झुडपं करणारे. एका हिरव्या तंतूला कॉकोनिस चिकटले होते, लंबगोल आणि सपाट. प्रवाह कितीही जोराचा असो, इतक्या चपट्या अंगावरून तो निघून जातो. प्रत्येकाने वाहून न जाण्याची आपापली युक्ती काढलेली आहे, आणि तळाच्या शैवालांची विविधता मुळात या युक्त्यांची विविधता आहे. दगडाला अंग चिकटवून बसणारे, देठावर उभे राहणारे, गाळात सरकत राहणारे. नदीचं वागणं बदललं की यांतला कुणी वाढतो, कुणी घटतो.

डायटमचं कवच म्हणजे झाकणाचा डबा: दोन भाग, एक दुसऱ्यावर बसणारा. पेशी दुभंगते तेव्हा एका पिल्लाला डबा मिळतो, दुसऱ्याला झाकण, आणि दोघंही आपला उरलेला अर्धा भाग आतल्या बाजूने नवा घडवतात. म्हणजे ज्याला डबा मिळाला त्याच्या दृष्टीने जुना डबा आता झाकण झालं आणि त्याचा नवा डबा आणखी छोटा. पिढ्यान् पिढ्या हे चालत राहिलं की वस्तीतल्या पेशी लहान लहान होत जातात. एका मर्यादेच्या खाली आल्या की लैंगिक प्रजनन होतं, कवच टाकून दिलं जातं, पेशी फुगते आणि पुन्हा पहिल्या मापाची होते. वर्गीकरण करणाऱ्याची यात पुरती दमछाक होते. एकाच जातीचे मोठे आणि छोटे नमुने मापाने तर वेगळे असतातच, आकारानेही वेगळे दिसतात. मोठ्याचा डौलदार गळा छोट्यात नाहीसा होतो. एका नमुन्यावरून जात ठरवणारा फसतो. शंभर पाहावे लागतात, तेव्हा कुठे ‘हे सगळं एकच घराणं’ असं म्हणता येतं.

*

आपल्या नद्यांत या सगळ्या संसारावर दरवर्षी एकदा नांगर फिरतो. जूनचा पहिला मोठा लोंढा आला की दगडधोंडे एकमेकांवर घासत गडगडतात, गढूळ पाण्यातून तळाला उजेड पोचत नाही आणि दगडावरचा थर खरवडून निघतो. युरोपातल्या पुस्तकांत वसंतातला बहर आणि शरदातला बहर अशी चित्रं असतात. सह्याद्रीच्या नद्यांना ती लागू पडत नाहीत. इथलं वर्ष पावसापासून मोजावं लागतं. ऑक्टोबरात पाणी निवळलं की कोऱ्या दगडावर आधी जिवाणूंचा चिकट थर बसतो. मग अंगाने सपाट, भराभर वाढणारे छोटे डायटम येतात. दिवाळी उलटून थंडी पडेपर्यंत देठवाले उभे राहिलेले असतात. त्यांच्या वर हिवाळा-उन्हाळ्यात तंतुमय शैवालं पसरतात. फेब्रुवारीत दुपारच्या उन्हात अशा दगडावर प्राणवायूचे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात.

या थरावर गोगलगायी चरतात, बेडूकमासे चरतात, मेफ्लायची पिल्लं चरतात. ओठाने दगड खरवडणारे मासेही आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची यादी छापली तेव्हा त्यातल्या एकाला इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव देऊन ‘मुल्या’ केलं. आज तो गारा मुल्या. कातळाला पोटाने चिकटून तो शैवाल खातो. उथळ धारेतल्या दगडावर तपकिरी थरात ओठांच्या खुणा उमटलेल्या दिसल्या तर समजावं, तो जवळपास आहे. डोंगरातल्या ओढ्यात झाडांचा पाचोळा आणि हा थर, एवढ्यावर सगळ्यांची गुजराण चालते. मोठे मासे, खेकडे, पाणमांजर, बगळे, सगळ्यांचं पोट दोन पायऱ्या खाली उतरलं की इथे येतं.

*

आता शिरगणतीकडे. १९५८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोल्हापूर आणि आसपासच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवर एक लेख आला. लेखक एच. पी. गांधी. पुढच्याच वर्षी ‘हायड्रोबायोलॉजिया’ या नियतकालिकात त्यांनी पन्हाळगडाच्या डायटमांवर लिहिलं. किल्ल्यावर लोक तटबंदी बघायला जातात, बाजीप्रभूंची आठवण काढतात, परतताना मक्याचं कणीस खातात. या गृहस्थाने तिथलं शेवाळ गोळा केलं. त्यांच्या लेखांची शीर्षकं ओळीने वाचली तर पश्चिम भारताचा नकाशा तयार होतो: राजस्थानातलं प्रतापगड, धारवाड, कोल्हापूर, पन्हाळा, मुंबई आणि साष्टी, जोगचा धबधबा, अहमदाबाद. १९९८ साली मध्य गुजरातच्या डायटमांवरचं त्यांचं पुस्तक आलं. २००८ मध्ये ते गेले. मराठी वाचकाला त्यांचं नाव माहीत असण्याचं कारणच नव्हतं, आणि हे मला खटकतं.

त्या काळाचा विचार करा. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला तो १९६५ साली. गांधींच्या हाती होता तो प्रकाशाचा साधा सूक्ष्मदर्शक, ज्याची धाव एका मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शापाशी संपते. डायटमची जात ठरते ती कवचावरच्या रेघांवरून: दहा मायक्रॉनमध्ये रेघा किती, त्या मध्याकडे कशा वळतात, मधल्या मोकळ्या जागेत एखादा एकांडा ठिपका आहे का. आपल्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरली तर त्याच्या आठव्या हिश्शात मावणाऱ्या रेघा मोजायच्या आणि मग कागदावर हाताने काढायच्या. ते या आकृत्यांसह जातीमागून जाती नोंदवत गेले. त्याच १९५९ मध्ये चेन्नईच्या टी. व्ही. देसिकाचारींचा निळ्या-हिरव्या शैवालांवरचा महाग्रंथ आला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत इथल्या वनस्पतिशास्त्राने पाण्याच्या तळाकडे गंभीरपणे पाहिलं होतं. एन. डी. कामत यांनी १९६३ मध्ये कोल्हापूरच्या शैवालांवर लिहिलं, आणि १९८४ मध्ये औरंगाबादहून पी. टी. सरोदे आणि कामत यांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्याच्या डायटमांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. इतकी तयारी एखाद्याच प्रदेशाच्या वाट्याला येते.

मग ओघ आटला. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. जाती ओळखण्याच्या विद्येला ‘नुसती नावं ठेवणं’ म्हणून हिणवण्याची पद्धत पडली, पदं रिकामी झाली तेव्हा ती दुसऱ्या विषयांकडे गेली आणि महाविद्यालयांतले सूक्ष्मदर्शक प्रात्यक्षिक परीक्षेपुरते उघडू लागले.

*

या विद्येवर एक सैद्धांतिक सावटही होतं. १९३४ साली डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी मांडलं की सूक्ष्मजीव सगळीकडेच पोचलेले असतात. कुठे कोण वाढेल हे तिथली परिस्थिती ठरवते. वाघ सैबेरियाचा वेगळा आणि ताडोब्याचा वेगळा असं म्हणण्यात अर्थ आहे, पण वाऱ्यावर, पक्ष्याच्या पायाला चिकटून कुठेही जाणाऱ्या डायटमाला गावठाण कसलं? हे एकदा मान्य केलं की जर्मनीतल्या ओढ्यावर लिहिलेलं पुस्तक कुंभीवर उघडता येतं. जगभर हेच झालं. आकाराने जवळपास दिसला की युरोपातलं नाव चिकटवायचं. भारतातल्या याद्यांवरही युरोपियन नावांची अशीच दाटी झाली. जो नमुना अगदीच बसत नाही, त्याला ‘प्रकार’ म्हणून शेपूट जोडायचं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि पुढे डीएनए आल्यावर हे मत ढासळू लागलं. जे एक समजत होतो ते बऱ्याचदा अनेक निघाले. जगातल्या डायटमांच्या जातींचा आजचा अंदाज लाखाच्या घरात जातो आणि नाव मिळालेल्या जाती त्याच्या एका छोट्या हिश्शाएवढ्याच आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कार्तिक बालसुब्रमणियन यांच्या गटाने पश्चिम घाटातल्या डायटमांचं काम हाती घेतलं आहे. २०११ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतले डायटमतज्ज्ञ पॅट्रिक कोचोलेक यांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या गोम्फोनेमांची यादी केली आणि तीन नव्या जाती नोंदवल्या. त्यांतली एक गोम्फोनेमा गांधीआय, एच. पी. गांधींच्या नावाची. २०१२ मध्ये या दोघांनी गांधींनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गोम्फोनेमांचीच फेरतपासणी प्रसिद्ध केली. पन्नासेक वर्षांपूर्वी एका माणसाने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आता नव्या साधनांनी पुन्हा पाहिलं गेलं. हे शक्य झालं कारण त्याने जागा लिहून ठेवली होती.

ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांची एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १९११ च्या सुमारास या मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. हा वंश तोवर आफ्रिकेतलाच समजला जात होता. सह्याद्रीच्या नद्यांच्या डोहांत काय काय दडलेलं असू शकतं, याची ती पहिली सूचना होती.

दुसरी महाबळेश्वरची. लाल शैवालं म्हटलं की समुद्र आठवतो, कारण त्यांच्या बहुतेक जाती समुद्रातल्या. थोड्या गोड्या पाण्यात उतरल्या आणि त्यांनी सावलीतले, थंड, स्वच्छ वाहते ओढे पकडले. बॅट्राकोस्पर्मम हे त्यांतलं एक. हातात घेतलं तर नुसती बुळबुळ. पाण्यात सोडलं की मण्यांच्या माळेसारखी फांदी उलगडते. रंग लाल नसतोच बऱ्याचदा. जांभळट, ऑलिव्ह, कधी निळसर. १९८० च्या सुमारास पुणे विद्यापीठातल्या बालकृष्णन आणि चौगुले यांनी यातल्या एका जातीला महाबळेश्वरचं नाव दिलं. या शैवालाचं जीवनचक्र विलक्षण आहे. वर्षाचा एक भाग ते दगडावर सूक्ष्म तंतूंच्या रूपात पडून असतं, इतकं वेगळं की पूर्वी त्या रूपाला स्वतंत्र नाव होतं. अनुकूल काळ आला की त्याच तंतूंतून ही माळ उगवते. वरची झाडं तोडली, ओढ्यावर ऊन आलं, पाणी तापलं की ते गेलं. महाबळेश्वरात कृष्णेच्या गोमुखापाशी भाविकांची रांग असते. त्याच डोंगरावरच्या एका ओढ्यातल्या शैवालाने गावाचं नाव जगभरच्या शैवालशास्त्रात नेलं आहे, हे तिथल्या एकाही फलकावर मला दिसलं नाही.

*

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. प्रयाग चिखलीला त्या एक होतात आणि पाचवी गुप्त सरस्वती धरून पंचगंगा बनते. तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत या नदीला कोल्हापूर लागतं, इचलकरंजी लागते, साखर कारखाने लागतात आणि ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे लागतात. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या आता ऋतूसारख्या येतात. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचे फोटो, मग जलपर्णी, मग आंदोलन, मग पाऊस.

पंचगंगा घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींना मी दगडांबद्दल विचारलं. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं. “पाणी तपासाय आलाय काय?” मग म्हणाल्या, “आमी लगीन हून आलो तवा हितली दगडं तांबूस असायची. आता हिरवं धागं धरत्यात, न्हाईतर काळं बुरबुरीत. पाय टिकत न्हाई.” त्यांना डायटम माहीत नाहीत. त्यांनी सांगितलेला बदल मात्र कुठल्याही नदीवैज्ञानिकाने मान डोलवावी असा आहे. पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढलं की डायटमांच्या सोनेरी थरावर क्लॅडोफोरासारखी हिरवी तंतुमय शैवालं कुरघोडी करतात. सेंद्रिय घाण आणखी वाढली की ऑसिलेटोरियासारख्या निळ्या-हिरव्या शैवालांची काळपट साय धरते.

डायटमांच्या आतही खांदेपालट होते. घाटाच्या खालच्या अंगाच्या दगडावरची स्लाइड मी पाहिली तेव्हा वरच्या ओढ्यातली देठावरची झुडपं जवळपास नव्हती. सगळीकडे काडीसारखे बारीक निट्झ्शिया सळसळत होते. निट्झ्शिया पेलिया ही जात सांडपाण्यात सुखाने वाढते, हे जगभरात दिसलेलं आहे. बंधाऱ्यामुळे पाणी थांबतं, गाळ बसतो आणि गाळात सरकता येणाऱ्यांचंच फावतं. दगडाला धरून बसणारे गाळाखाली गाडले जातात. एका स्लाइडवरून नदीचा निकाल लावू नये, हे खरं. पण एपिथेमियासारखे काही डायटम पोटात नत्र पकडणारे जिवाणूवंशी भागीदार बाळगतात आणि नत्र कमी असलेल्या पाण्यात तरतात. एकाच नदीच्या वरच्या अंगाला असे डायटम आणि खालच्या अंगाला निट्झ्शियाचं राज्य असेल, तर मधल्या अंतरात पाण्याचं काय झालं ते प्रयोगशाळेच्या अहवालाआधी कळतं.

सरकारी मोजमाप मात्र बाटलीतल्या पाण्याचं होतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर उभा आहे: विरघळलेला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू), पाण्याचा सामू आणि विष्ठेतून येणारे जिवाणू. मोजमापं चुकीची नाहीत. पण बाटली भरली त्या क्षणी जे पाणी समोरून जात होतं तेवढ्याचाच तो हिशेब. रविवारी रात्री कुणी टाकी रिकामी केली आणि मंगळवारी बाटली भरली, तर रविवारचं पाणी एव्हाना कर्नाटकात. दगडावरची शैवालं तिथेच बसलेली असतात. त्यांच्या अंगावरून महिन्याभराचं पाणी गेलेलं असतं आणि त्यांच्यातले कोण उरले, कोण गेले, ही त्या महिन्याची बेरीज असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जैविक कसोट्या आखल्या, त्याही तळातल्या किड्यांच्या. शैवालं तिथेही मागे राहिली.

जग इथे शंभर वर्षांहून अधिक काळ पुढे आहे. जर्मनीत कोलक्वित्स आणि मार्सन यांनी १९०८ मध्येच कुठल्या वनस्पती किती घाण सोसतात याची उतरंड मांडली. अमेरिकेत रूथ पॅट्रिक या बाईंनी १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा खोऱ्याची पाहणी करून दाखवून दिलं की एखादी नाजूक जात दिसेनाशी होण्यापेक्षा सगळ्या वस्तीची विविधता किती घटली हे नदीच्या आजाराचं खरं लक्षण आहे. पुढे त्यांनी नदीत काचपट्ट्या तरंगत्या ठेवून त्यांवर डायटम वाढू देणारं एक साधं उपकरण केलं. १०५ वर्षं जगल्या, शेवटपर्यंत नद्यांच्याच कामात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक कायद्यात तळाची शैवालं हा नदीच्या परीक्षेतला अधिकृत विषय आहे.

युरोपातला निर्देशांक आणून इथे लावला की झालं, असं वाटेल. इथेच गांधींच्या त्या ‘नुसत्या नावांची’ किंमत कळते. युरोपीय निर्देशांक प्रत्येक जातीला गुण देतो: ही घाण सोसते, ही सोसत नाही. गोम्फोनेमा पार्व्ह्युलम ही १८४४ साली युरोपात वर्णन झालेली जात घाण सोसणाऱ्यांत गणली जाते, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक नदीच्या यादीत तिचं नाव आहे. कुंभीच्या स्वच्छ ओढ्यातल्या तिच्यासारख्या दिसणाऱ्या एखाद्या स्थानिक जातीला हेच नाव दिलं, तर निर्देशांक त्या ओढ्याला घाण ठरवील. उलटही होईल; घाण नदीला शिफारसपत्र मिळेल. नाव चुकलं की पुढचं सगळं गणित चुकतं. म्हणून आधी आपल्या नद्यांत कोण राहतं हे ठरवायचं, मग ते काय सोसतात हे पाहायचं, आणि मग गुण द्यायचे. हा क्रम उलटा करता येत नाही.

पंचगंगेच्या खोऱ्याजवळ जे आहे ते भारतातल्या फार थोड्या नद्यांजवळ असेल. १९५० च्या दशकातली शिरगणती आहे. आज कोण आहे ते तपासलं तर कोण निघून गेलं हे नावानिशी सांगता येईल. हे काम एखाद्या मोठ्या संस्थेने करावं हे ठीकच. पण त्याची वाट बघण्याचं कारण नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर वनस्पतिशास्त्र शिकवणारी अनेक महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या कपाटांत सूक्ष्मदर्शक आहेत. तिथल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. दरवर्षी जानेवारीत आपल्या गावाच्या वरचा एक खळाळ आणि खालचा एक खळाळ ठरवून तिथले पाच-पाच दगड विद्यार्थ्यांकडून घासून घ्या. कायमच्या स्लाइड करा, त्यांवर जागा आणि तारीख लिहा, एक संच स्वतःकडे ठेवा आणि एक एखाद्या संशोधन संस्थेच्या संग्रहाला द्या. जाती आज ओळखता आल्या नाहीत तरी चालेल. सिलिका कुजत नाही, ओळखणारा पन्नास वर्षांनी आला तरी त्याचं अडणार नाही. खर्च दोन टूथब्रशचा आहे.